पक्के घर आणि तापणारे छत

(भोपाळच्या शाहपुरा भागातील मराठी रहिवाशांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



घर बांधताना मनुष्य पावसाचा विचार आधी करतो. गळणारे छप्पर डोळ्यांना दिसते, भांडी मांडावी लागतात, धान्य भिजते. म्हणून गळती थांबविण्यासाठी कर्ज काढावयासही कोणी मागेपुढे पाहत नाही. तापणाऱ्या छपराचे तसे होत नाही. त्याचा उपद्रव हळूहळू आणि मुकाट्याने होतो. दुपारी घरात राहणाऱ्या गृहिणीला, खाटेवर पडून असलेल्या वृद्धाला, पाळण्यातील बालकाला तो सर्वांत अधिक भोगावा लागतो. आणि घराच्या खर्चाचा निर्णय घेताना बहुधा यांपैकी कोणाचेच मत विचारले जात नाही. आजचा विषय हे तापणारे छत, ते थंड राखण्याचे उपाय, त्यांचा खर्च आणि त्यासाठी मिळू शकणारे शासकीय साहाय्य हा आहे.

शाहपुऱ्यात या विषयाला विशेष अर्थ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले, आणि मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली. राजधानीबरोबर सचिवालयातील कर्मचारी आले, आणि त्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ होती. त्यांनी मागे सोडलेली घरे कौलारू किंवा धाब्याची होती. येथे त्यांच्या डोक्यावर सिमेंट काँक्रीटचे सपाट छत आले. हे छत आगीला, वाऱ्याला आणि उंदीर-घुशींना दाद देत नाही, हा त्याचा मोठा गुण होय. परंतु जुन्या छपराचा एक गुण या बदलात हरवला, आणि तो हरवल्याची नोंद कोणी घेतली नाही.

जुन्या छपराचे शास्त्र

खानदेश, मराठवाडा व वऱ्हाडातील धाब्याचे घर आठवावे. लाकडी सरांवर किलचण, तिच्यावर कडुनिंबाचा पाला, आणि पाल्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दिवसभराची उष्णता हा थर आपल्या अंगात जिरवी आणि ती खालच्या खोलीत पोहोचण्यापूर्वीच सूर्य मावळत असे. कौलारू घराची युक्ती निराळी होती. कौलांच्या खाली माळा असे. त्यावर गवत, शेंगा, धान्याच्या कणग्या आणि जुनी लाकडे ठेवीत. कौले तापली तरी त्यांच्या आणि माणसांच्या मध्ये माळ्यावरील हवेचा थर राही आणि कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. सधन घरांत याच कामासाठी तक्तपोशी करीत. या घरांना शास्त्रीय परिभाषा ठाऊक नव्हती, परंतु उष्णता अडविण्याचे दोन्ही मार्ग त्यांत होते: जड थर आणि कोंडलेली किंवा खेळती हवा.

थंड देशांतही माळ्याचा उपयोग याच तत्त्वावर होतो, फक्त दिशा उलट असते. तेथे आतील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून माळ्यावर लोकरीसारख्या तंतूंचे जाड थर पसरतात. ब्रिटनमध्ये १९७८ साली या कामासाठी घरमालकांना अनुदान देणारा स्वतंत्र कायदा झाला. घर उबदार राखणे ही केवळ कुटुंबाची खाजगी बाब नसून इंधनाची राष्ट्रीय बचत आहे, असा त्यामागील विचार होता. घर थंड राखण्याच्या बाबतीत हाच विचार भारताला लागू पडतो.

छतच का तापते

भोपाळ कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. विदिशेच्या रस्त्यावर सलामतपूरजवळ हे वृत्त ओलांडले जाते. याचा अर्थ असा की, जूनच्या मध्यास दुपारचा सूर्य भोपाळच्या जवळजवळ थेट माथ्यावर येतो. पूर्वेच्या भिंतीला सकाळचे ऊन लागते, पश्चिमेच्या भिंतीला सायंकाळचे. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत दुपारचे ऊन जवळजवळ लागतच नाही. छताला मात्र सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत विसावा नाही. मे महिन्यात येथील कमाल तापमानाची सरासरी सुमारे ४० अंश सेल्सिअस असते. ही हवेची गोष्ट झाली. उन्हात उघडे पडलेले काळवंडलेले छत त्याहून कितीतरी अधिक तापते.

निरभ्र दिवशी माध्यान्ही एक चौरस मीटर सपाट जागेवर नऊशे ते एक हजार वॅट इतकी सूर्याची ऊर्जा पडते. ६०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर, छत असलेल्या साध्या घराच्या माथ्यावर त्या वेळी एक हजार वॅटच्या पन्नासहून अधिक विजेच्या शेगड्या पेटल्यासारख्या असतात. जुने, शेवाळाने काळे पडलेले सिमेंट यातील सुमारे सत्तर टक्के उष्णता शोषून घेते. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग सुमारे तीन चतुर्थांश उष्णता आल्या पावली परत पाठवितो. शोषलेली सगळीच उष्णता खोलीत येत नाही, काही वाऱ्याबरोबर जाते. तथापि जी आत येते तीच असह्य होण्यास पुरेशी असते.

शिवाय काँक्रीटची उष्णता उशिरा उतरते. दुपारी शोषलेली उष्णता पाच-सहा इंच जाडीच्या स्लॅबमधून खाली येण्यास काही तास लागतात. परिणामी बाहेर सायंकाळचा वारा सुटला असता आतील छत हाताला चटका देत असते, आणि पंखा तीच तापलेली हवा अंगावर टाकतो. दिवसाच्या उन्हाने थकलेल्या शरीराला रात्री विसावा मिळाला नाही, तर उष्माघाताचा धोका वाढत जातो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत आलेल्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासात दिसून आले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेविरुद्ध कृती आराखडा तयार केला, आणि २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतील सुमारे ३,००० घरांची छते पांढरी करण्याचे काम हाती घेतले. आराखड्यात रुग्णवाहिका आणि पाणपोईच्या बरोबरीने चुन्याच्या बादलीला स्थान मिळाले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

उपायांचा क्रम

पहिला उपाय सावलीचा. गच्चीवर वेलीचा मांडव, बांबूचे तट्टे किंवा हिरव्या जाळीचे कापड छतापासून हात-दोन हात उंच बांधल्यास ऊन स्लॅबपर्यंत पोहोचतच नाही. मांडव वाऱ्यात उडणार नाही इतका भक्कम असावा, एवढीच काळजी घ्यावी.

दुसरा उपाय चुन्याचा, आणि तो सर्वांत स्वस्त होय. फाल्गुन-चैत्रात गच्ची झाडून, शेवाळ घासून आणि पाण्याने धुऊन स्वच्छ करावी. चुना आदल्या दिवशी भिजवून, फडक्यातून गाळून, त्यात डिंक किंवा खळ मिसळावी आणि दोन-तीन हात द्यावेत. कळीचा चुना विरताना उसळतो व डोळ्यांस इजा करतो. म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि हातमोजे व चष्मा वापरावा. हा चुना पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी नवा हात देणे आवश्यक असते. ज्यांना दरवर्षीचे काम नको असेल त्यांनी छतासाठी मिळणारा पांढरा परावर्तक रंग लावावा. तोही धुळीने मळतो. उन्हाळ्याच्या तोंडावर छत धुतले नाही तर त्याचा गुण बराच कमी होतो.

तिसरा उपाय उष्णतारोधक थराचा. येथे थोडी आकडेमोड उपयोगी पडेल. छताच्या दोन्ही बाजूंच्या हवेत एका अंशाचा फरक असता एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, यावरून छताची प्रत ठरते. उघड्या काँक्रीट स्लॅबसाठी हा आकडा ३ हून अधिक येतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी जाहीर केलेल्या 'इको निवास संहिते'त छतासाठी कमाल मर्यादा १.२ ठेवली आहे. म्हणजे सर्वसामान्य पक्के घर या मर्यादेच्या अडीचपटींहून अधिक उष्णता आत घेते. स्लॅबवर तीन इंच मातीचा थर व त्यावर विटांची फरशी घातली तर आकडा दोनच्या आसपास उतरतो. थर्मोकोलसारख्या तक्त्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती मात्र काँक्रीटच्या चाळिसाव्या हिश्श्याहूनही कमी असते. असा एक इंची तक्ता स्लॅबवर बसविला तरी आकडा १ च्या जवळ येतो, आणि दोन इंची तक्त्याने तो सुमारे ०.६ होतो.

हा थर शक्य तेथे स्लॅबच्या वर असावा. खाली लावल्यास स्लॅब तापतच राहतो आणि दिवस-रात्रीच्या तापण्या-निवण्याने त्याला बारीक तडे जाण्याचा संभव कायम राहतो. वरच्या थरासाठी दाबाला टिकणारे कठीण फोमचे तक्ते घ्यावेत; वेष्टनात येणारा मऊ थर्मोकोल चालणार नाही. तक्त्यांवर सिमेंटचा किंवा फरशीचा थर हवाच, कारण हे पदार्थ उन्हाने खराब होतात व पेट घेतात. स्वयंपाकघरात चुलीच्या वर असे तक्ते उघडे ठेवणे धोक्याचे आहे.

दोन गोष्टी कोणत्याही कामापूर्वी पाहाव्यात. पहिली म्हणजे गळती. ती न थांबविता वर थर घातल्यास पाणी थराखाली कोंडते आणि लोखंडी गजांना गंज चढतो. दुसरी म्हणजे वजन. तीन इंच माती आणि दोन इंच विटा मिळून एका चौरस मीटरवर दोनशे किलोग्रॅमच्या आसपास भार येतो. पावसात भिजल्यावर अधिक. वापरातील गच्चीवर माणसे व सामान यांच्यासाठी धरला जाणारा भार १५० किलोग्रॅम असतो. म्हणून जुन्या स्लॅबवर माती किंवा विटांचा कोबा घालण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला घेणे हा उपचार न समजता सुरक्षिततेचा भाग समजावा. चुना, रंग आणि सावली यांना भाराची ही अडचण नाही.

पत्र्याच्या घराविषयी

खेड्यांतून आज धाबे व कौले उतरवून पत्रे घातले जातात. पत्रा पातळ, म्हणून ऊन लागताच तापतो. त्याचा एकच दिलासा असा की तो रात्री लवकर निवतो. पत्र्यावर चुना टिकत नाही, तेथे पांढरा परावर्तक रंग लावावा. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूचे तट्टे, प्लाय किंवा तत्सम फळ्यांची तक्तपोशी करावी, आणि मधली गरम हवा निघून जाण्यासाठी दोन्ही टोकांना जाळी लावलेली भोके ठेवावीत. ही भोके बुजविली तर निम्मा उपयोग नाहीसा होतो. पत्र्यावर वाळलेले गवत पसरण्याची रीत काही ठिकाणी आहे. तिने घर थंड राहते, परंतु ठिणगी पडल्यास आग लागते. सिमेंटचे जुने पत्रे असल्यास त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे घासू अगर कापू नयेत, कारण त्यांची धूळ फुफ्फुसांना घातक असते.

खर्चाचा अंदाज

दर गावोगाव बदलतात, म्हणून पुढील आकडे ढोबळ समजावेत आणि काम देण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणांहून लेखी दर मागवावेत. ६०० चौरस फुटांच्या छतासाठी चुन्याचे काम मजुरीसह साधारणतः २,००० ते ३,००० रुपयांत होते. घरच्या माणसांनी केल्यास याहून कमी. परावर्तक रंगाचे दोन हात चौरस फुटाला २५ ते ४० रुपये धरल्यास १५,००० ते २४,००० रुपये लागतात आणि निगा राखल्यास तो काही वर्षे टिकतो. पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी चौरस फुटाला १०० ते १५० रुपये, म्हणजे ६०,००० ते ९०,००० रुपये. उष्णतारोधक तक्ते, जलरोधक थर आणि वरचा कोबा असे संपूर्ण काम चौरस फुटाला १५० ते २५० रुपये, म्हणजे ९०,००० पासून दीड लाखापर्यंत जाते.

शेवटचा आकडा पाहून पुष्कळांना वातानुकूलन यंत्र स्वस्त वाटेल. परंतु ते यंत्र ताशी दीड युनिट वीज घेते असे धरले आणि उन्हाळ्याचे शंभर दिवस रोज आठ तास चालविले, तर १,२०० युनिटे होतात. युनिटला ७ रुपये धरल्यास दर उन्हाळ्याला ८,४०० रुपये, आणि तेही एका खोलीसाठी. वीज गेली की तो गारवाही जातो. छताचे काम एकदाच करावे लागते, वीज नसतानाही ते उपयोगी पडते आणि पुढे यंत्र घेतलेच तर त्याचाही भार हलका करते. ज्यांना एकदम खर्च झेपणार नाही त्यांनी यंदा चुना लावावा, आणि पुढे वृद्ध व मुले ज्या खोलीत निजतात तेवढ्याच दोनशे चौरस फुटांवर रोधक थर घालावा.

शासकीय साहाय्य

केवळ छत थंड करण्यासाठी आवास योजनांत वेगळी रक्कम ठेवलेली नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. तथापि घरासाठी मिळणाऱ्या साहाय्यातून हे काम बसविता येते. मात्र त्याचा विचार बांधकामाच्या आधी व्हावयास हवा.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण विभागात सपाट प्रदेशातील घरासाठी १,२०,००० रुपये आणि डोंगराळ प्रदेशातील घरासाठी १,३०,००० रुपये मदत ठरली. घराचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठेवले गेले. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये या योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ५०,००० रुपयांची भर जाहीर केली. शहरी भागासाठी २०२४ साली योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या पात्र कुटुंबाला केंद्राकडून दीड लाख रुपये आणि त्याशिवाय राज्याचा हिस्सा मिळतो. ही मदत टप्प्याटप्प्याने मिळते. म्हणून छताचा हप्ता येण्यापूर्वीच छताचा प्रकार, उतार आणि चुन्याचा खर्च अंदाजपत्रकात लिहून घ्यावा. २५ चौरस मीटर छतावर चुन्याचे दोन-तीन हात देण्यास हजार-बाराशे रुपयांच्या आसपासच खर्च येतो, आणि लाखाच्या घरात तो न बसण्याचे काही कारण नाही.

ज्यांचे पक्के घर आधीच आहे, त्यांना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेली प्रधानमंत्री सूर्यघर योजना उपयोगी आहे. या योजनेत छतावरील सौरसंचासाठी १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट वा त्याहून अधिक क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान ठरविण्यात आले. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. संच वीज देतो, आणि त्याच वेळी त्याच्या खालच्या छताला सावली मिळते. हा दुसरा लाभ विक्रेते सहसा सांगत नाहीत. संच निजण्याच्या खोलीवर येईल असा बसवून घेतल्यास एका खर्चात दोन कामे होतात. अर्ज करण्यापूर्वी योजनेची चालू मुदत व अटी वीज वितरण कार्यालयात विचाराव्यात.

अधिकारी आणि शिक्षक यांच्यासाठी

घर पक्के आहे किंवा नाही, हे शासकीय पाहणीत भिंत व छप्पर कशाचे आहे यावरून ठरते. ते राहण्याजोगे थंड आहे काय, हा प्रश्न त्या तक्त्यात नसतो. म्हणून मातीचे थंड धाबे 'कच्चे' ठरते आणि तापणारा पत्रा 'पक्का' ठरतो. धाब्याला गळतीचा, वाळवीचा व कोसळण्याचा धोका होता, ही गोष्ट खरी. त्यामुळे त्याकडे परत जावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु जुने उतरविताना त्याचा एक गुण नव्यात घालणे हे घर मंजूर करणाऱ्याचे कर्तव्य आहे. ग्रामसेवक, अभियंता किंवा गृहनिर्माण सहाय्यक यांनी छत पूर्ण झाल्याची नोंद करताना त्यावर चुना दिला आहे काय, एवढे जरी विचारले तरी पुष्कळ काम होईल. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण जाहीर करून शासकीय इमारतींना व मोठ्या भूखंडांवरील नव्या घरांना ते बंधनकारक केले. ग्रामपंचायतीला धोरणाची वाट पाहण्याचे कारण नाही. पंचायत कार्यालय, अंगणवाडी, शाळा आणि आरोग्य उपकेंद्र यांची छते तिच्या डोळ्यांसमोर आहेत.

शाळेत हा विषय प्रयोगाने शिकविता येईल. एकाच मापाचे दोन पत्र्याचे डबे घ्यावेत, एकाला चुना लावावा, दोन्हींत तापमापी ठेवून ते तासभर उन्हात ठेवावेत आणि दर दहा मिनिटांचा आकडा विद्यार्थ्यांनी फळ्यावर लिहावा. तिसऱ्या डब्यावर तट्टा धरून सावलीचाही परिणाम पाहावा. स्वतः आकडा वाचलेला विद्यार्थी घरी जाऊन वडिलांना चुन्याविषयी सांगेल, आणि तो उपदेश कोणत्याही परिपत्रकापेक्षा लवकर पोहोचेल.

शाहपुऱ्याच्या तलावावरून सायंकाळी येणारा वारा सर्वांना सारखाच लाभतो. त्या वाऱ्याचा उपयोग घरात व्हावा की तापलेल्या स्लॅबने तो वाया घालवावा, हे मात्र ज्याच्या त्याच्या गच्चीवर अवलंबून आहे. उन्हाळा दरवर्षी येतो, आणि येण्यापूर्वी महिनाभर सूचनाही देतो. तेवढ्या महिन्यात छत धुऊन पांढरे करणे प्रत्येक कुटुंबाला साधण्याजोगे आहे. रंग, फरशी व तक्ते यांचा विचार पुढे सवडीने करता येईल. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी चुना मात्र भिजत घालावा.